हिवाळ्यात गळ टाकायला शिकताना: तलाव आणि नदीचं थंड पाणी कसं वाचायचं

थंडी पडली की पाणी गप्प होतं. उन्हाळ्यात जिथे संध्याकाळी मासे पाण्यावर तोंड मारत होते, तिथे दिवसभर बसलं तरी तरंगा, म्हणजे गळाच्या दोरीवरची तरंगणारी खूण, जागची हलत नाही. नवखा माणूस दोनतीनदा हात हलवत घरी येतो आणि ठरवून टाकतो की हिवाळ्यात मासे लागतच नाहीत. चूक एवढीच झालेली असते की तो उन्हाळ्यातल्याच जागी, उन्हाळ्यातल्याच वेळी, उन्हाळ्यातलंच आमिष घेऊन बसलेला असतो. मासे तलावातच असतात, पण तलावभर नसतात. खातात, पण बेताने आणि दिवसाच्या मोजक्या तासांत. ती जागा आणि ते तास शोधणं हे हिवाळ्यातलं खरं काम. गळ टाकणं त्यानंतरचं.

मी स्वतः ज्या क्रमाने पाण्यावर काम करतो, त्याच क्रमाने इथे सांगतो. त्याआधी एक गोष्ट घरूनच उरकून या. त्या पाण्यावर मासेमारीला परवाना लागतो का, कुठल्या जातींना या महिन्यांत बंदी आहे, किती लांबीच्या आतला मासा सोडावा लागतो, हे मत्स्यविभागाकडून किंवा त्या पाण्याचा ताबा असलेल्यांकडून विचारून घ्या. काही जाती नेमक्या थंडीतच अंडी घालतात, त्यामुळे काही नद्यांवर या दिवसांत बंदी असते.

पहिली पायरी: थंड पाण्यात काय घडतं ते समजून घ्या

मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं शरीर गार. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया साधारण निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतात. उन्हाळ्यात दिवसभरात पचणारं खाणं पोटात कित्येक दिवस राहतं. भूक उशिरा लागते, थोडी लागते. त्यामुळे एखाद्या घासामागे धावण्यात जेवढी ताकद जाईल तेवढी त्या घासातून परत मिळणार नसेल, तर मासा जागचा हलत नाही. त्याचा हा जमाखर्च डोक्यात ठेवलात तर पुढच्या बहुतेक गोष्टी तुमच्या तुम्हालाच सुचतील. तो वाहत्या पाण्यातून बाजूला का होतो, तळाशी का बसतो, मोठ्या आमिषाकडे पाठ का फिरवतो, या सगळ्यांचं उत्तर तिथेच आहे.

आता पाण्याकडे वळू. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं आणि हळूहळू सगळा तलाव ढवळून निघतो. उन्हाळ्यात खोल तलावाच्या तळाशी प्राणवायू फार कमी उरलेला असतो, तो या ढवळण्यात भरून निघतो. ४ अंशांच्याही खाली गार झालेलं पाणी मात्र हलकं होतं, म्हणून ते वरच राहतं आणि शेवटी वरच गोठतं. म्हणजे गोठणाऱ्या तलावात सगळ्यात उबदार पाणी तळाशी असतं आणि ते असतं ४ अंशांच्या आसपास.

इथे नवख्यांची एक गफलत होते. ‘थंडीत मासे खोलात जातात’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि लोक जमेल तितकं लांब आणि खोल गळ फेकत राहतात. बर्फाखाली हे बरंचसं खरं आहे. पण जिथे पाणी गोठत नाही, ४ अंशांपर्यंत उतरतही नाही, तिथे पहाटे वरपासून तळापर्यंत जवळजवळ एकच तापमान असतं. तिथलं खोल पाणी उबदार नसतं, स्थिर असतं. रात्रीचा कडाका तिथवर पोचत नाही, एवढाच त्याचा फायदा. दुपारी ऊब तयार होते ती उथळात, उन्हाच्या बाजूला. म्हणून अशा पाण्यात मासा रात्र खोलात काढतो आणि दुपारी जवळच्याच उथळाकडे सरकतो. जवळच्याच, कारण लांब जायला ताकद खर्च होते. जिथे खोल आणि उथळ एकमेकांना लागून आहेत, म्हणजे तळाचा उतार काठाजवळून झपकन खाली जातो, ती जागा पहिली बघायची.

प्राणवायूची काळजी उघड्या पाण्यात करू नका. गार पाण्यात तो जास्त मावतो: ० अंशाला एका लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर २० अंशांना ९ मिलिग्रॅमच्या आसपास. अडचण येते ती बर्फाखालच्या उथळ, गवताळ तळ्यात. वर बर्फ आणि त्यावर हिम साचलं की उजेड खाली जात नाही, वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, कुजणारा पाला उरलासुरला संपवतो आणि मासे गुदमरतात. अशा तळ्यांवर भर हिवाळ्यात वेळ घालवू नये.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसतो. थंडीत शेवाळ कमी होतं, गाळ खाली बसतो, पाणी निवळशंख होतं. तुम्हाला तळ दिसतो, तसे तुम्हीही माशाला दिसता. काठावर उभं राहून सावली पाण्यात पाडू नका, पाय आपटत चालू नका, एक पाऊल मागे बसा.

दुसरी पायरी: तापमान मोजा, अंदाज करू नका

हिवाळ्यातल्या सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू विचाराल तर मी थर्मामीटर सांगेन. महागाचा नको. अरुंद तोंडाच्या लहान बाटलीत साधा थर्मामीटर अडकवायचा, खाली शिसं बांधायचं, दोरीला हात हात अंतरावर गाठी मारायच्या. बाटली हव्या त्या खोलीवर सोडली की तिथलं पाणी आत भरतं. दोनतीन मिनिटं थांबून वर ओढली की वाचेपर्यंत आकडा बदलत नाही. बाटलीशिवाय नुसता थर्मामीटर ओढलात तर वरच्या पाण्याने आणि वाऱ्याने तो वाटेतच फसवतो.

चारपाच ठिकाणी मोजा: सावलीचा काठ, उन्हाचा काठ, दगडी बांधाचा कोपरा, ओढा येऊन मिळतो ती जागा, उताराच्या तळाशी. एका अंशाचा फरकही फार मोठा असतो.

मला हे पटलं ते एका तलावावर. तिथे मी उन्हाळाभर झाडांखाली बसायचो, जागा चांगलीच होती. थंडीत तिथेच सलग काही दिवस रिकामे गेले. मग एकदा सकाळी ९ वाजता सगळीकडे मोजलं, आकडा सारखाच, ८ अंश. दुपारी दीडला पुन्हा फिरलो. झाडांखाली अजून ८ च होते. समोरच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, दगडी पिचिंगच्या (काठाला लावलेल्या दगडांच्या अस्तराच्या) कोपऱ्यात १०. दगडाला हात लावला तर तो चक्क कोमट लागला. त्या कोपऱ्यात पाणी जेमतेम पुरुषभर खोल होतं, पण चार पावलांवर उतार सुरू होत होता. तिथे पहिल्या अर्ध्या तासातच तरंगा हलला. त्या दिवसापासून मी सामान उघडण्याआधी मोजतो.

आकडा कळला की कुठल्या माशाकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरतं. तिलापिया गार पाण्याला फार हळवा. १६ अंशांच्या आसपास त्याचं खाणं थांबत येतं आणि १० च्या जवळ तो मरू लागतो. रोहू, कटला, मृगळ यांची भूक १८-२० अंशांच्या खाली मंदावते आणि १४-१५ च्या खाली ती फारच थोडी उरते. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, जास्त चिवट. ८-१० अंशांपर्यंत तो आमिष घेतो, ५ च्या खाली जवळजवळ पडून राहतो. वेल्स जातीचा मोठा कॅटफिश खोल खड्ड्यांत कळपाने स्वस्थ बसतो. त्याच्यावर नवख्याने थंडी खर्च करू नये. ट्राउट उलट गार पाण्याचाच मासा, ७ ते १६ अंशांत तरतरीत असतो आणि ४ अंशांतही थोडंफार खातो. पाइक आणि पर्च हे थंड देशांतले मासे बर्फाखालीही लागतात. तिकडचाच बर्बट हा मासा तर ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, प्रजनन करतो. तुमच्या पाण्यात यातलं काय आहे ते आधी विचारा. १२ अंशांच्या पाण्यात तिलापियासाठी दिवसभर बसणं म्हणजे दिवस वाया.

तिसरी पायरी: दिवस आणि तास निवडा

एका दिवसाचं हवामान पाहून निघू नका, आधीचे तीनचार दिवस बघा. थंडी एकाएकी पडली, एका रात्रीत पारा धपकन उतरला, तर दुसऱ्या दिवशी मासे तोंड उघडत नाहीत. तीच थंडी तीनचार दिवस टिकली की त्यांना तिची सवय होते आणि ते थोडं खायला लागतात. पारा हळूहळू चढतोय असे दोन दिवस आले तर हातातलं काम बाजूला ठेवून जा. रात्री ढग असतील तर पाण्याची ऊब कमी निसटते, त्यामुळे ढगाळ रात्रीनंतरची ऊन पडलेली दुपार मला सगळ्यात आवडते.

हवेच्या दाबावर मासेमारांत बरंच बोललं जातं. मी त्याच्या मागे लागत नाही. दाब बदलतो तेव्हा वारा, ऊन, तापमान सगळंच बदलत असतं, मग श्रेय कशाला द्यायचं? तापमान हातात मोजता येतं, ते मोजावं.

पहाटे उठायची गरज नाही. हिवाळ्यात पहाट हा पाण्याचा सगळ्यात गार काळ. हवा तापते त्यापेक्षा पाणी बरंच सावकाश तापतं, म्हणून उथळ पाण्याची ऊब दुपारी १ ते ४ मध्ये सगळ्यात जास्त असते. १० वाजता पोचा, तासभर मोजमाप आणि तळाची चाचपणी करा, ११ पासून गळ टाका. उन्हं कलताना, उजेड जायच्या आधीच्या अर्ध्या तासात, पुन्हा एकदा हालचाल होते. तेवढा वेळ घाईने सामान आवरण्यात घालवू नका.

वाऱ्याचं म्हणाल तर गार, बोचरा वारा ज्या काठावर आदळतो तिथलं पाणीही गारठतं. पाठीवर वारा घेऊन बसा. मऊ, उबदार वारा दोन दिवस एकाच दिशेने वाहत असेल तर गोष्ट उलटी. तो वरचं कोमट पाणी समोरच्या काठाला ढकलतो आणि मासे तिकडे जमतात.

चौथी पायरी: तलावात जागा शोधा

उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, म्हणून ऊन सगळ्यात जास्त वेळ पडतं ते तलावाच्या उत्तर काठावर. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. तिथून सुरुवात करा. त्या काठावर दगडी बांध, काँक्रीटची भिंत, गडद रंगाचा चिखल किंवा वाळलेल्या लव्हाळ्याची बेटं आहेत का बघा. दगड आणि गडद तळ ऊन पितात, लव्हाळं वारा अडवतं आणि त्याच्या देठांत किड्यांच्या अळ्या असतात. पाण्यातलं गवत हिरवं असेल तर चांगलं. तपकिरी होऊन कुजत असेल तर तिथला प्राणवायू कमी असतो, पुढे चला.

तळाला झरे असतील तर सोन्याहून पिवळं. जमिनीतलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, म्हणून हिवाळ्यात ते तलावापेक्षा उबदार लागतं. गारठ्याच्या सकाळी एकाच जागी जास्त वाफ दिसते, गोठणाऱ्या तळ्यात तेवढाच तुकडा मोकळा राहतो. त्या तुकड्याजवळचा बर्फ पातळ असतो, तिथे पाय ठेवायचा नाही.

मग तळ चाचपा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. गळाशिवाय नुसतं जड शिसं बांधून फेका, ते तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजा, मग तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणून हळूहळू ओढा. वाळूवर शिसं गुळगुळीत सरकतं. चिखलात ते रुततं, जोर लावल्यावर पचकन सुटतं. दगडांवरून येताना काठीच्या शेंड्यात टक टक असे ठोके हातापर्यंत पोचतात. ओढता ओढता एके ठिकाणी एकदम जड लागलं आणि काठी वाकली, तर शिसं उतार चढतंय असं समजा. ती रेघ लक्षात ठेवा, समोरच्या काठावरचं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा. दिवसभर त्या रेघेच्या वर, रेघेवर आणि रेघेखाली, अशा तीन ठिकाणी आळीपाळीने आमिष ठेवायचं. एका जागी २० ते ३० मिनिटं काहीच नाही झालं तर दुसरी जागा. उन्हाळ्यात मासा आमिषापर्यंत येतो, हिवाळ्यात आमिष त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं.

पाचवी पायरी: नदीत जागा शोधा

नदीचं पाणी सतत घुसळत असतं, त्यामुळे वर-खाली तापमानाचा फरक नगण्य. इथे मासा ऊब शोधत नाही, विसावा शोधतो. खोल डोह, वळणाच्या आतल्या अंगाचं संथ पाणी, मोठ्या खडकामागचं थारोळं, पडलेल्या झाडाची आड, अशा जागा बघा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे संथ आणि वाहतं पाणी जिथे एकमेकांना घासतं ती शिवण. पाण्यावर फेस किंवा पानं ओळीने जाताना दिसतात, तीच ती. मासा संथ बाजूला बसतो आणि वाहत्या बाजूने येणारा घास मान वळवून उचलतो. तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणाने पाण्याचा वेग वरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून आमिष तळालगत, पाण्याच्याच चालीने गेलं पाहिजे. ते वरून पळत गेलं तर उपयोग नाही.

पाणी चढत आणि गढूळ होत असेल तर परत फिरा. वरच्या भागात हिम वितळत असेल तर ऊन पडलेल्या दिवशीही नदी गारठते, हे थर्मामीटर लगेच सांगतो. पूर ओसरतोय, पाणी निवळू लागलंय, असे दिवस धरा.

धरणाखालच्या पात्रात खोलातून सोडलेलं पाणी येत असेल तर हिवाळ्यात ते आजूबाजूच्यापेक्षा उबदार असू शकतं आणि मासे तिथे गोळा होतात. पण तिथे पाणी न सांगता वाढतं. सोडण्याच्या वेळा विचारा, भोंगा ऐका, पात्रातल्या बेटावर किंवा पलीकडच्या खडकावर कधीही बसू नका. तीरावरच्या एका दगडावर पाण्याची रेघ हेरून ठेवा. ती बुडताना दिसली की सामान सोडून वर चढा.

ट्राउट आणि सामन कुळातले बहुतेक मासे शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत खड्यांत अंडी पुरतात. तळावर आजूबाजूच्यापेक्षा उजळ, स्वच्छ खड्यांचे पट्टे दिसले तर त्यावर पाय देऊ नका आणि त्यावर उभ्या असलेल्या माशाला गळ दाखवू नका. एका पावलाखाली शेकडो अंडी चिरडली जातात.

सहावी पायरी: सामान बारीक, आमिष लहान, हात सावकाश

निवळ पाण्यात जाड तंगूस दिसतं. लहान-मध्यम माशांसाठी ०.१४ ते ०.१८ मिलिमीटर पुरे, मोठ्या कार्पची शक्यता असेल तर थोडं जाड. गळ १४ ते १८ नंबरचा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो). नायलॉन थंडीत ताठ होतं, रिळाचे वेढे धरून ठेवतं, म्हणून फेकण्याआधी हाताने ताणून सरळ करा. विणलेली दोरी पाणी पिते आणि हवा शून्याखाली असेल तर गोठून कडक होते. काठीच्या कड्यांत बर्फ धरला तर ठोकून काढू नका, शेंडा पाण्यात बुडवून विरघळवा.

आमिष उन्हाळ्याच्या निम्मं. अख्ख्या गांडुळाऐवजी दोन सेंटिमीटरचा तुकडा, कणकेचा गोळा वाटाण्याएवढा, अळ्या एक किंवा दोन. लाल अळ्या मिळाल्या तर त्याच वापरा, हिवाळ्यात तळाच्या चिखलात माशाला खरोखर मिळणारं अन्न तेच आहे. मासे जमवायला पाण्यात चारा टाकतानाही हात आखडता ठेवा. एक मूठ चाऱ्याने सगळ्यांची पोटं दिवसभरासाठी भरतात. मी चिमूट टाकतो, आणि पुढची चिमूट एखादा मासा लागल्यावरच. कृत्रिम आमिष असेल तर लहान, तळालगत, तुम्हाला कंटाळा येईल इतक्या सावकाश ओढायचं आणि मध्येमध्ये चार-पाच सेकंद निपचित ठेवायचं. घेतलं तर बहुधा त्या थांब्यातच घेतात.

तरंगा बारीक, सुईसारखा निवडा आणि खाली शिशाचे मणी इतके लावा की पाण्यावर फक्त रंगीत टोक उरेल. काही देशांत शिशावर बंदी आहे, तिथे टंगस्टन वापरा. एवढी मेहनत का, ते पहिला मासा लागताना कळतं. उन्हाळ्यात तरंगा गपकन बुडतो. हिवाळ्यात टोक एका केसाने खाली जातं आणि तिथेच थांबतं. किंवा एका केसाने वर येतं, कारण माशाने आमिष उचललेलं असतं आणि शिशाचा भार हलका झालेला असतो. किंवा वारा डावीकडे आणि तरंगा उजवीकडे, एवढंच. मी अशा वेळी श्वास रोखून तीन मोजतो. टोक परत जागेवर आलं तर काही करत नाही. आलं नाही तर मनगटाने हलकं उचलतो, झटका देत नाही. बारीक तंगूस आणि लहान गळ झटक्याला टिकत नाहीत. दुसऱ्या टोकाला आधी ओल्या फडक्यासारखं नुसतं वजन जाणवतं, आणि मग ते वजन सावकाश मान हलवतं.

सातवी पायरी: मासा सोडायचा असेल तर पाण्यातच सोडा

हवा शून्याखाली असेल तर कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठू लागतात. दांड्याच्या जाळीत, पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढा. हातमोजा काढा, हात ओला करा. कोरड्या लोकरीने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग बुरशी धरते. हिमावर किंवा गोठलेल्या दगडावर मासा ठेवून फोटो काढू नका. १० मीटरपेक्षा खोलातून वर आणलेल्या पर्चसारख्या माशांची हवेची पिशवी फुगते आणि ते सोडले तरी अनेकदा जगत नाहीत. तिथे लागेल तेवढे घ्या आणि मग थांबा.

बर्फावर जाणार असाल तर

पहिल्यांदा जाणाऱ्याने अनुभवी माणसाशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये. हे मी कळकळीने सांगतोय. पायी चालायला नवा, पारदर्शक, कठीण बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा. पांढरा, दुधी बर्फ ताकदीला निम्मा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. एका जागी १५ सेंटिमीटर भरला म्हणून पन्नास पावलांवर तेवढाच असेल असं नाही. ओढ्याचं तोंड, झरे, पुलाखालची जागा, लव्हाळ्याच्या कडा, नदीचा प्रवाह, इथे तो नेहमी पातळ असतो. सळईने ठोकत, भोक पाडून मोजत पुढे जा, दोघांत अंतर ठेवा, बर्फात रोवायचे दोन टोचे गळ्यात बाहेरून लटकवा. जाकिटाच्या आत ठेवलेले वेळेला हाती लागत नाहीत.

खाली गेलात तर काय होतं, याचा कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी लोकप्रिय केलेला हिशोब पाठ करून ठेवा: १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, धाप लागते. या मिनिटात फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध जायला सुमारे १ तास लागतो. म्हणजे घाबरून पहिल्याच मिनिटात धडपडण्याचं कारण नाही. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड फिरवा, तिथला बर्फ तुम्हाला पेलत होता. हात बर्फावर पसरा, टोचे रोवा, पाय मागे झाडत अंग आडवं करा आणि सरकत बाहेर या. बाहेर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर व्हा.

बर्फाखाली मासेमारीची रीत सोपी आहे. १५-२० सेंटिमीटरचं भोक, आखूड काठी, लहान जड आमिष तळाला टेकवून वीतभर वर घ्यायचं, दोनदा हलवायचं, मग स्थिर ठेवायचं. हंगामाचे पहिले आठवडे सगळ्यात चांगले असतात. तंबूत शेगडी पेटवलीत तर हवा खेळती ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काठावर बसलात तरी

बर्फ नसला तरी पाणी तेच थंड आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं. होडीत आणि पात्रात जीवरक्षक जाकीट घालूनच बसा. सुती कपडे भिजले की गार कापड अंगाला चिकटून राहतं. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये जाड, बाहेर वारा अडवणारा असं घाला. बूट सैल हवेत, घट्ट बुटांत रक्त फिरत नाही. पायाखाली जुनी चटई टाका, कारण गारठा जमिनीतून चढतो. कोरड्या हातमोज्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पहिला ओला होणारच. दारूने ऊब वाटते, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून अंग उलट लवकर गारठतं. सोबत्याची जीभ जड झाली, गाठ मारता येईना, किंवा इतका वेळ भरलेली हुडहुडी ऊब न मिळताच थांबली, तर मासेमारी तिथेच बंद. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड प्यायला द्या आणि वैद्यकीय मदत मागवा. कुठे जाताय आणि कधी परताल हे घरी सांगून निघा.

घरी आल्यावर वहीत दहा ओळी लिहा: तारीख, आकाश, वारा, हवेचं तापमान, पाचही ठिकाणचं पाण्याचं तापमान, कुठल्या खोलीवर, किती वाजता, कशाला मासा लागला. रिकाम्या दिवशीचं पानही भरा. त्या दिवशी कुठल्या जागा तपासून झाल्या ते पुढच्या खेपेला उपयोगी पडतं. मी निघण्याआधी, सामान आवरून झाल्यावर, बाटली शेवटची एकदा उताराच्या तळाशी सोडतो आणि तो आकडा काठावरच लिहून घेतो.